काळ्या दगडाच्या वरचा झिरा

मुलांना सुट्टीत कुठं न्यावं, हा विषय आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दर एप्रिलात निघतो आणि दर एप्रिलात माझं डोकं फिरतं. कोणी म्हणतं हैदराबादचं प्राणिसंग्रहालय दाखवा, कोणी म्हणतं कुंटाल्याचा धबधबा, कोणी म्हणतं बासरला न्या आणि येता येता निर्मलची लाकडी खेळणी घेऊन द्या. जागा सगळ्या चांगल्याच आहेत. पण मुलानं तिथं करायचं काय? तर बघायचं. हात लावू नको, पाण्यात जाऊ नको, रांग सोडू नको, इकडे बघ फोटो काढायचाय. मग घरी आल्यावर हेच लोक कुरकुरतात, की एवढं हिंडवलं आणि कार्टं आठवण कशाची काढतं, तर बस थांबली होती तिथल्या कुत्र्याच्या पिल्लाची. अहो, काढणारच! पिल्लू त्यानं उचललं होतं, धबधबा थोडाच उचलला होता?

लहान मूल एखाद्या जागेच्या प्रेमात डोळ्यांनी पडत नाही, हातांनी पडतं. मला विचाराल तर लहानपणीची माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे प्राणहिता नदीची वाळू. हे ऐकून आमच्या मुख्याध्यापिका बाई हसतात. हसोत बापड्या. त्यांना बयनाबाई माहीत नाही.

बयनाबाई म्हणजे माझी आत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. उंच, काटकुळी, आणि आवाज असा की नदीपलीकडचं कुत्रं उठून बसावं. लग्न झालं आणि थोड्याच दिवसांत कुंकू पुसलं गेलं. सासरच्यांनी परत पाठवली, माहेरी आईबाप थकलेले. रोजमजुरी करता करता ती एका ढिवराच्या, म्हणजे नदीवरच्या कोळ्याच्या, डांगरवाडीत कामाला लागली. पावसाळा संपून नदी ओसरली की काठाची वाळू उघडी पडते. त्या वाळूत चर खणायचे, शेणखत भरायचं, डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, आणि टरबुजाच्या बिया लावायच्या आणि मडक्यानं पाणी घालून वेल जगवायचे, ही डांगरवाडी. पुढं तिनं स्वतःची वाडी घातली. वाळू कोणाच्याच नावावर नसते. पण कोणी कुठं बसायचं हे गावानं ठरवलेलं असतं, आणि बयनाबाई ठरवलेल्या जागी बसली नाही. ती घाटावरच्या काळ्या दगडाच्या वरच्या अंगाला, जिकडून नदी वाहत येते तिकडं, बसली. पहिल्या साली कोणीतरी तिच्या वेलांत गुरं घातली. तिनं परत बिया लावल्या. दुसऱ्या साली पुन्हा गुरं आली, तेव्हा ती हातात विळा घेऊन चरावरच झोपायला लागली. पुढं गुरांनाच कंटाळा आला असावा.

आम्ही आदिलाबादला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. माझे वडील लक्ष्मणराव महसूल ऑफिसात कारकून, आई रुख्मिणी, मी आणि माझा धाकटा भाऊ नागसेन. दर मे महिन्यात बाबा आम्हाला गावी सोडायचे. आधी आसिफाबाद, मग कागजनगर, मग बेज्जूरची बस, आणि बस सोडेल तिथून पुढं बंडी. बंडी म्हणजे बैलगाडी. अंगभर धूळ, नागसेन वाटेत एकदा तरी ओकलेला. आणि तरीही नदीकाठचं जांभळीचं झाड दिसलं की आम्ही दोघं चालत्या बंडीतून उड्या टाकायचो.

काय होतं तिथं? झिरा होता. उन्हाळ्यात नदीचं वाहतं पाणी कोमट आणि गढूळ होतं, ते कोणी पीत नाही. वाळूत हातभर खड्डा केला की खालून स्वच्छ, गार पाणी पाझरतं. त्याला आमच्याकडे झिरा म्हणतात, तेलुगू माणसं चेलमा म्हणतात. आत्याचा नियम असा, की वाडीवर आलेल्या प्रत्येक पोराचा स्वतःचा झिरा पाहिजे. दुसऱ्याच्या झिऱ्याचं पाणी मागायचं नाही. खोदायचा तो हातांनी, खुरपं चालणार नाही. पहिलं गढूळ पाणी उपसून फेकायचं, मग गप्प बसून पाणी निवळायची वाट बघायची. निवळलं की पहिली ओंजळ तिथं जे सगळ्यात मोठं माणूस असेल त्याला द्यायची. मग आपण प्यायचं, मग आपल्या नावानं लावलेल्या वेलाला पाजायचं.

आणखी दोन नियम होते, आणि ते मोडलेले तिला मुळीच खपायचे नाहीत. झिरा खोदायचा तो काळ्या दगडाच्या वरच खोदायचा, खाली नाही. आणि सुट्टी संपून परत जाताना तो बुजवायचा नाही. बाकीचे लोक गुरांचे पाय मोडू नयेत म्हणून जुने झिरे बुजवून टाकायचे. आत्या वर काटेरी फांद्या टाकायची. एकदा मी शहाणपणा करून माझा झिरा बुजवायला वाकले, तर तिनं माझं मनगट असं धरलं की मला रडू फुटलं. "आपला झिरा आपल्या हातानं बुजवाचा नाई," ती म्हणाली. "काऊन?" मी विचारलं. "म्या सांगतलं म्हनून," ती म्हणाली आणि मला अख्खं डांगर फोडून दिलं.

क्वार्टरमधल्या नळाला पाणी यायचं ते आईच्या हुकमतीखाली. एक तांब्या जास्त सांडला की पाठीत धपाटा. आणि इथं मी नऊ-दहा वर्षांची पोरगी एका पाण्याची मालकीण होते! सकाळी उठून तोंड न धुता आपला झिरा बघायला पळायचं. वाळू ढासळली असली तर पुन्हा बांधायचा. नागसेनच्या झिऱ्यात एकदा बेडकी येऊन बसली, तर त्यानं तिला हाकलू दिलं नाही. ती माझ्याकडं पावनी आली, म्हणाला. डांगर बुक्कीनं फोडायचं, गर नाकातोंडाला माखायचा, बिया मात्र थुंकायच्या त्या आत्याच्या टोपलीतच. निघायच्या दिवशी आम्ही दोघं मोठमोठ्यानं रडायचो. आत्या आम्हाला गप्प करायची नाही. उलट घाटावरून आम्हाला वाजतगाजत न्यावं तसं रडतच न्यायची. तेव्हा मला ते विचित्र वाटायचं.

बाबा मात्र वाळूत कधी उतरले नाहीत. आम्हाला सोडायला-न्यायला आले की जांभळीच्या सावलीत बसायचे, पायात बूट, डोक्याला रुमाल, आणि शेजारी आदिलाबादहून भरून आणलेली कापडी छागल. तहान लागली की छागलीतलं पाणी. आम्ही वर ओंजळ घेऊन पळायचो, पण तेवढ्या चढावर ओंजळीत काय राहतं? आम्हाला वाटायचं, बाबांना ऊन सोसत नाही. ऑफिसात बसून पाय नाजूक झालेत, असं आई चिडवायची.

मी चौथीत आणि नागसेन पहिलीत होता त्या वर्षीची गोष्ट. मार्चमध्ये आत्या पहिली डांगरं घेऊन आदिलाबादला आली. दरवर्षी यायची. वाटेत कंडक्टरशी भांडून यायची हेही दरवर्षीचंच. पोतं सीटवर ठेवलं म्हणून तो तेलुगूत "दिगु, दिगु" म्हणून तिला उतरवायला निघाला होता. "मी बी मराठीत सांगतलं, उतरवून दाखव," आत्या पदरानं घाम पुसत आईला सांगत होती. "सबन बसनं डांगर खाल्लं मंग. त्यानं बी खाल्लं."

बाबा ऑफिसातून आले, चहा झाला, आणि त्यांनी विषय काढला. त्यांना सहकुटुंब प्रवासाची सरकारी सवलत मंजूर झाली होती.

"यंदा पोरं येनार नाईत बाई," बाबा म्हणाले. थोरल्या बहिणीला ते बाई म्हणायचे आणि तिच्याशी बोलताना ऑफिसची भाषा खुंटीला टांगायचे. "विशाखापट्टणले नेतो. समुद्र पाह्यतीन."

"पाहू दे ना. मंग तिकडून आले का आठ दिवस माह्याकडं धाड."

"नाई. यंदा नाई अन् याच्यापुढंबी नाई. काय हाये त्या रेतीत?"

आत्यानं कप खाली ठेवला. तिला मूलबाळ नव्हतं. बारा महिने ती आमची वाट बघायची, हे मलासुद्धा कळत होतं. मला वाटलं आता ही रडेल. पण रडणाऱ्यातली ती नव्हेच.

"सरळ सांग लक्ष्मन. समुद्र दाखवाचा हाये का रेती सोडवाची हाये?"

"रेतीच सोडवाची हाये!" बाबा ओरडले. आमच्या घरात बाबा ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते. "मी जीव काढून शिकवून राह्यलो त्यायले. अन् तू अजून त्याच रेतीत लोळवतं. ज्या जागी मले..."

ते थांबले. आईनं आम्हाला बाहेर जायची खूण केली. आत्या म्हणाली, "राहू दे वो रुख्मिणी. आयकू दे त्यायले. त्यायच्याच बापाची गोठ हाये."

आणि तिनं सांगितलं. बाबा नागसेनएवढे असतानाची गोष्ट. तेव्हा काळ्या दगडाच्या वर गावाचे झिरे आणि खाली आमच्या लोकांचे, असा दंडक होता. वरचं पाणी निवळ; खालच्या पाण्यात वर गुरं धुतलेली, कपडे धुतलेले. भर उन्हात बाबांना तहान लागली. लहान पोराला वर काय आणि खाली काय! ते दगडाच्या वर गेले आणि हातांनी त्यांनी झिरा खोदला. पाणी लागलं. पहिली ओंजळ उचलली, तेवढ्यात पांडुरंगराव पाटील आला. तेव्हा तो ऐन पंचविशीतला होता. त्यानं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, आत्या म्हणाली. त्यानं सांगितलं, "बुजव. आपल्या हातानं बुजव." आणि बाबा ओंजळ-ओंजळ वाळू टाकून आपला झिरा बुजवत होते तोवर तो आणि घाटावरचं सगळं गाव उभं राहून बघत होतं. पाणी पुन्हा पुन्हा वर येत होतं. आत्या बारा-तेरा वर्षांची, खालच्या अंगाला घागर घेऊन उभी होती. तीही नुसती बघत राहिली.

"त्या रेतीचं भेव त्यानं तुह्या पोटात घातलं," आत्या बाबांना म्हणाली. "तवा म्या काई करू शकली नाई. पन तुह्या पोरायच्या पोटात मी त्याच रेतीची गोडी घालीन. त्याच जागी, काळ्या गोट्याच्या वर. डांगरं काय, कोनीबी काढते. जाताना तुहे पोट्टे रडतेत ना, ते पांडुरंगराव घाटावर बसून दर साली पाह्यते. ते माह्यं पीक हाये."

"म्हंजे माह्या लेकरायच्या हातानं तू बदला घेऊन राह्यली!"

"घेऊन राह्यली. मंग? कोनाचं वाईट केलं? लेकरं पानी पेऊन राह्यले."

बाबांनी मान खाली घातली, पण ते हलले नाहीत. त्यांचा निकाल कायम होता. आत्या चहाचा कप विसळून त्याच संध्याकाळच्या गाडीला निघाली. जाताना आईला म्हणाली, "डांगरं खा. बिया तेवढ्या वाळवून ठेवजो." पोरं येणार नसतील तर त्या कोणाबरोबर परत येणार, ते बोलली नाही.

मी त्या वेळी बाबांवर रागावले की आत्यावर, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पांडुरंगरावावर मात्र रागावले, आणि तो राग मी अजून जपून ठेवलाय.

मे महिन्यात आम्ही काजीपेटला जाऊन रेल्वेत बसलो आणि विशाखापट्टणला पोचलो. समुद्र थोर आहे, मी नाकारत नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा नागसेन आईच्या पदरामागं लपला. "हे सबन पानी?" एवढंच म्हणाला. बाबांचा चेहरा उजळला होता. या पाण्यापुढं आमच्या नदीचं काय चालणार, असं त्यांना वाटलं असणार. ते एका कट्ट्यावर बसले, बूट घालूनच, आणि आम्हाला म्हणाले, जा खेळा.

नागसेन लाटांकडे गेला नाही. तो वाळूत इकडे-तिकडे काहीतरी शोधत फिरला आणि रडवेला होऊन परत आला.

"बाबा, इथं गोटा कुठं हाये?"

"कोनता गोटा?"

"काळा गोटा. वरचं कोनतं अन् खालचं कोनतं, समजतच नाई."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "समुद्राले वर-खाली नसते बेटा."

"मंग कुठंबी खोदलं तं चालते?"

"चालते."

नागसेन खूश झाला. त्यानं बसकण मारली आणि हातांनी झिरा खोदला, आत्यानं शिकवला तसाच. पहिलं पाणी उपसून फेकलं. निवळायची वाट बघत मांडी घालून गप्प बसला. फिरायला आलेली माणसं त्याला वळसा घालून जात होती. शेंगदाणेवाला पोरगा वाळूचा किल्ला करतोय असं समजून हसला. पाणी निवळलं. त्यानं ओंजळ भरली आणि अंग चोरून, एक थेंब न सांडता कट्ट्यापाशी आला. "बाबा, तुमी मोठे. पयली ओंजळ तुमची."

आई म्हणणार होती, अरे ते खारं असतं. बाबांनी तिला हातानंच थांबवलं. ते वाकले आणि नागसेनच्या ओंजळीला तोंड लावून सगळं पाणी प्यायले. घशाखाली घातलं. चेहरा वेडावाकडा झाला, पण थुंकले नाहीत.

मग नागसेननं आपली ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि जी बोंब ठोकली! "खराब हाये! हे नदीच खराब हाये! मले आत्याकडं जाचं हाये!" शेंगदाणेवाला पोट धरून हसला. आईला हसू आवरेना. मीही हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी नागसेनचे ओले, वाळूनं भरलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पुढचे दिवस आम्ही बोटी बघितल्या, डोंगरावरून शहर बघितलं. नागसेननं काहीच बघितलं नाही, तो दर गोष्टीला "आता आत्याकडं?" एवढंच विचारायचा. परतीला काजीपेट स्टेशनावर उतरलो. तिथून आदिलाबादकडे जायचं म्हणून आईनं पिशव्या उचलल्या. बाबा म्हणाले, "थांब. कागजनगरची गाडी येते."

आई एवढंच म्हणाली, "अगोदर सांगतलं असतं तं बिया घेतल्या असत्या."

आम्ही पोचलो तेव्हा मे संपत आला होता. वाडीतले वेल वाळायला लागले होते, शेवटची चार डांगरं उरली होती. आत्या चरात उकिडवी बसली होती. तिनं आम्हाला लांबूनच बघितलं, पण उठली नाही. "आले का?" ती ओरडली. "तुमचे झिरे म्या खोदून ठेवले नाईत. हात हायेत ना?"

आम्ही पळालो. आणि मागं वळून बघितलं तर बाबा जांभळीखाली बूट काढत होते. मोजे काढून त्यांनी बुटांत खोचले, पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडली आणि वाळूत उतरले. वाळू तापलेली होती. ते चटक्यांनी नाचत नाचत आले, आणि ऑफिसातला माणूस असा नाचताना बघून आम्हाला हसू फुटलं. काळ्या दगडापाशी मात्र ते थांबले. बराच वेळ थांबले. मग दगडाला वळसा घालून वर गेले आणि गुडघे टेकून बसले.

त्यांनी हातांनी झिरा खोदला. त्यांना जमत नव्हतं, वाळू ढासळत होती. नागसेन शेजारी बसून त्यांना शिकवत होता, कडा अशी दाबा, पयलं पानी फेका, आता बोलू नोका. पाणी निवळलं तेव्हा तिथं सगळ्यात मोठं माणूस बयनाबाई होती. बाबा ओंजळ घेऊन तिच्याकडे गेले. ती प्यायली. पदरानं तोंड पुसलं. "गोड हाये," म्हणाली, आणि पाठ फिरवून वेल उपटायला लागली. पण ती वाळलेले वेल सोडून हिरवे उपटत होती, तेव्हा तिला दिसत नव्हतं हे मी ओळखलं.

दोन दिवस राहून आम्ही निघालो. बंडी घाटावर येऊन उभी होती. आत्या आणि बाबा झिऱ्यांवर काटे टाकत होते. तेवढ्यात घाट उतरून पांडुरंगराव आला. म्हातारा झाला होता, हातात काठी, पण चाल मालकाचीच. बाबा रोज वाळूत उतरतात हे त्यानं बघितलंच असणार.

"रामराम लक्ष्मनराव. मोठे सायब झाले म्हनते तुमी."

"जय भीम," बाबा म्हणाले.

"पोरं खेळले, चांगलं झालं. आता जाता जाता हे गड्डे बुजवून टाका. ढोरायचे पाय मोडते."

"काटे टाकले आमी," आत्या म्हणाली.

"काट्यानं काय होते? बुजवा." त्याचा आवाज चढला नव्हता. पण तो शब्द त्यानं असा उच्चारला, जसा माणूस आपल्या घराची कडी न बघता काढतो. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया थांबल्या. बंडीवाल्यानं बैलांना चुचकारायचं सोडलं.

मी बाबांच्या हातांकडे बघितलं. आत्यानं ओठ घट्ट मिटले होते. तिला वाटलं तर ती त्या म्हाताऱ्याला एका वाक्यात उभं जाळू शकली असती, पण ती बाबांकडेच बघत राहिली. आणि बाबा वाकले. मला ओरडावंसं वाटलं, बाबा, नका.

बाबांनी सरकलेली एक बाभळीची फांदी उचलली, झिऱ्याच्या तोंडावर नीट ठेवली आणि ते सरळ उभे राहिले.

"एकदा माह्या हातानं बुजवला, पाटील," ते म्हणाले. "आता बुजवाचा असन तं तुमच्या हातानं बुजवा. मी उभा हाये इथं. पाह्यतो."

पांडुरंगराव वाळूकडे बघत राहिला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. आत्या बघत होती, आई बघत होती, मी, नागसेन, घाटावरच्या बाया, सगळे बघत होते. बुजवायचा तर त्याला काठी टाकून, वाकून, काटे बाजूला करून ओंजळीनं वाळू टाकावी लागली असती. बंडीवाला म्हणाला, "सायब, बस जाईन ना." "जाऊ दे," बाबा म्हणाले आणि हलले नाहीत. शेवटी पांडुरंगरावानं दोन्ही हात पाठीमागं घेतले, काठी त्या हातांत लोंबत होती, आणि तो आल्या वाटेनं घाट चढून गेला.

बस गेलीच. आत्यानं मोठ्यानं हसून बंडीतल्या पिशव्या खाली ओढल्या. "बरं झालं. एक डांगर राह्यलंच व्हतं," म्हणाली.

बयनाबाईनं गुडघे साथ देईपर्यंत वाडी केली, त्याच जागी. बाबा पुढं दर मे महिन्यात यायचे, छागल घरी ठेवून. त्या वर्षीचा त्यांचा झिरा पुरानं बुजवला, तसा तो दर वर्षी सगळ्यांचेच बुजवतो, पाटलाचेही. नदीपुढं कोणाचं वर आणि कोणाचं खाली! पाणी ओसरलं की आम्ही काळ्या दगडाच्या वर जाऊन पुन्हा खोदायचो, आणि निघायच्या दिवशी घाटावरून मोठमोठ्यानं रडत जायचो.